सीमाभागातली करंजी : तळलेली आणि भाजलेली

करंजी म्हणजे गव्हाच्या पातळ पारीत कोरडे गोड सारण भरून, अर्धचंद्रासारखी मुडपून, तुपात किंवा तेलात तळलेला पदार्थ. पुण्यामुंबईच्या करंजीलाही हे वर्णन लागू पडते. आपल्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत, म्हणजे भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुलसूर, आळंद या पट्ट्यातल्या मराठी घरांत होणारी करंजी मात्र सारणावरून ओळखू येते. तिच्यात सुक्या खोबऱ्याच्या जोडीला पुठाणीचे पीठ आणि तीळ असतात. पुठाणी म्हणजे महाराष्ट्रात ज्याला पंढरपुरी डाळं म्हणतात ते. ही भर कन्नड शेजाराकडून आली की इकडून तिकडे गेली, यावर वाद घालता येईल. दोन्हीकडच्या घरांत ती आहे एवढे खरे.

हा लेख लिहिण्याचे कारण असे की सभासदांच्या घरी दिवाळीआधी दोन गोष्टी वारंवार ऐकू येतात. पहिली, घरात आता दोनच माणसे राहिली, मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी. करंजीला चार हात लागतात, म्हणून विकतच आणतो. दुसरी, सासूबाई सगळे अंदाजाने घालत. त्या गेल्या आणि त्यांचे प्रमाणही गेले. विकतची करंजी वाईट असते असे आमचे म्हणणे नाही, पण ती आपल्या भागातली नसते. तिच्यात पुठाणी नसते, तीळ नसतात, बहुधा डेसिकेटेड कोकोनट आणि भरपूर साखर असते. दहा वर्षे सलग तीच खाल्ली की घरातल्या लहानांना करंजीची चव म्हणजे तीच वाटू लागते. म्हणून इथे ग्रॅममध्ये मोजलेले प्रमाण दिले आहे, आणि दोन माणसांच्या घरात जमेल अशी भाजण्याची रीतही दिली आहे.

नावे

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपले दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याचे तीन तुकडे झाले आणि आपण त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आलो. त्या जुन्या राज्यातल्या तीन भाषांत या पदार्थाची तीन नावे आहेत: मराठीत करंजी, कन्नडमध्ये कर्जिकाई (काही घरांत कर्चिकाई), तेलुगूत कज्जिकायलु. थोडे लांब गेलो तर उत्तरेत गुजिया, गुजरातेत घुघरा, गोव्यात नेवरी, तमिळनाडूत सोमास. करंजाच्या झाडाची शेंग अशीच अर्धवट चंद्रासारखी असते, त्यावरून करंजी हे नाव पडले असे सांगतात. आपल्या जिल्ह्यातल्या कारंजा नदीचा आणि धरणाचा याच्याशी काही संबंध नाही. लहान मुले विचारतात, म्हणून लिहून ठेवले.

जुन्या माणसांच्या तोंडी कानवला हाही शब्द आहे. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या पाठवणीला मुरडीचे कानवले करतात. कडेला घातलेल्या मुरडीचा अर्थ असा की पाहुणी मुरडून, परतून पुन्हा यावी. कातणीने कापलेली कड दिसायला नेटकी असते, साच्यातली तर फारच नेटकी. पण मुरडीला हा अर्थ आहे, तेव्हा निदान नैवेद्याच्या पाच करंज्या तरी हाताने मुरडाव्यात असे आम्हाला वाटते.

करंजी आणि कडबू यांत नवख्या माणसाचा घोटाळा होतो. आकार एकच, पण कडबूत पुरण असते. कन्नड घरांत त्यालाच करिगडबू म्हणतात. पुरणात हरभऱ्याची डाळ शिजलेली असते, तिच्यात पाणी असते, म्हणून कडबू त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खाऊन संपवायचा. वेळ अमावास्येला शेतात नेतात तो कडबू. डब्यात भरून ठेवतात ती करंजी. दोघांतला खरा फरक पाण्याचा आहे, आणि करंजीची पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर चालते.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात राजाच्या जेवणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि गव्हाच्या मांड्यांचे वर्णन आहे. त्याच ग्रंथात, गाण्याच्या प्रकरणात, मराठी पदांचे नमुने येतात. मराठी आणि गव्हाचे पक्वान्न, दोन्ही आपल्या मातीत किती जुने आहे हे मुलांना सांगायला ही माहिती उपयोगी पडते.

सारण

पुढचे प्रमाण ३५ करंज्यांचे आहे. दोन माणसांच्या घराला, चार ताटे शेजारी पाठवून, एवढ्या पुरतात.

सुके खोबरे किसून २०० ग्रॅम, घरी दळलेली पिठीसाखर १६० ग्रॅम, पुठाणी ५० ग्रॅम, पांढरे तीळ २५ ग्रॅम, खसखस २५ ग्रॅम, चारोळी २० ग्रॅम, वेलदोडे आठ-दहा, पाव जायफळ. एकूण साधारण ४८० ग्रॅम सारण होते. एका करंजीला १४ ग्रॅमच्या आत-बाहेर लागते, म्हणजे चहाचे दोन चमचे. वाटीच्या मापाने ज्यांना सोयीचे असेल त्यांनी एकदा आपल्या घरची वाटी काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहून ठेवावा. १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले हे मोठेच काम झाले, पण प्रत्येक घरची वाटी वेगळी हे त्यालाही चुकले नाही.

खोबऱ्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण करंजी बिघडते ती बहुधा इथे. ओल्या नारळात निम्म्याच्या जवळपास पाणी असते. वाळलेल्या खोबऱ्यात ते सहा-सात टक्क्यांवर येते. म्हणून ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांची आणि सुक्या खोबऱ्याची तीन आठवड्यांची. आपल्या बाजारात तुमकूर जिल्ह्यातल्या तिपटूरचे गोटा खोबरे येते, ते यासाठी उत्तम. नारळ न फोडता तो कित्येक महिने आतल्या आत वाळू देतात आणि मग अखंड गोटा काढतात. घेताना एक गोटा फोडून मागावा. आतून पांढरा, वास गोड, बोटाला तेल जाणवते पण चिकटपणा नाही, असा हवा. पिवळा पडलेला किंवा नाकाला खवट लागणारा गोटा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. भाजल्याने खवटपणा जात नाही, उलट सगळ्या डब्याला लागतो. वरची तपकिरी साल सुरीने खरवडून मग किसावे.

खोबरे मंद आचेवर, सतत हलवत, हाताला कोरडे आणि कुरकुरीत लागेपर्यंतच भाजायचे. रंग बदामी होऊ लागला की उतरवा. पुढे भाजले तर तेल सुटते आणि सारण ओशट होते. तीळ वेगळे भाजायचे, तडतडले की पुरे. खसखस वेगळी भाजायची, तिला मिनिटभरच लागते. पुठाणी मुळातच भाजलेली असते, ती नुसती गरम करून मिक्सरवर बारीक करायची आणि चाळून घ्यायची. तीळ आणि खसखस यांतले निम्मे भरडून, निम्मे तसेच ठेवावे. सगळे ताटात पसरून पूर्ण थंड झाल्यावरच साखर मिसळायची. गरम खोबऱ्यात साखर घातली की ती पाझरते, सारणाचे गोळे होतात आणि पुढे पारी ओली पडते. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये स्टार्च मिसळलेला असतो. घरी दळलेली साखर बरी.

पुठाणीचे काम चवीपुरते नाही. खोबऱ्यातून थोडेफार तेल सुटतेच, ते हे पीठ धरून ठेवते. म्हणून आपली करंजी डब्यात पंधरा दिवस राहिली तरी तिच्या बुडाला तेलाचा डाग पडत नाही.

गुळाची करंजी करणारी घरेही आपल्याकडे बरीच आहेत, ऊस आपल्याच शिवारातला. चव साखरेपेक्षा खोल लागते यात शंका नाही. पण गूळ हवेतले पाणी ओढतो. गुळाची करायची तर कडक, कोरडा गूळ किसून दोन तास ताटात उघडा ठेवावा, पुठाणी ५० ऐवजी ८० ग्रॅम घ्यावी आणि आठ-दहा दिवसांत करंज्या संपवाव्यात.

साखरेचा आजार असलेले सभासद विचारतात, म्हणून हिशेब देतो. वरच्या प्रमाणात एका करंजीत साडेचार ग्रॅमच्या आसपास साखर येते, आणि पारीचा मैदा-रवा वेगळा. साखर १०० ग्रॅमवर आणली आणि पुठाणी ३० ग्रॅमने वाढवली तरी करंजी चांगली लागते, कारण खोबरे आणि तीळ यांना स्वतःची चव आहे. तरीही ती गोड पदार्थातच मोजावी.

पारी

मैदा २०० ग्रॅम, चिरोटी रवा १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. कर्नाटकात दुकानांत चिरोटी रवा वेगळा मिळतो, तो अगदी बारीक असतो. बन्सी रवा जाड असतो, तो चालत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी बारीक रवा घेऊन मिक्सरवर एकदा फिरवावा.

तळायच्या करंजीसाठी ६० ग्रॅम तूप कडकडीत तापवून पिठावर ओतायचे. हे मोहन. हात भाजेनासा झाला की पीठ दोन्ही तळव्यांत चोळायचे, प्रत्येक कणाला तूप लागले पाहिजे. मूठ वळली तर वळते आणि बोटाने ढकलली तर मोडते, ही खूण. मग सुमारे १३० मिलिलिटर कोमट दूध थोडे थोडे घालत घट्ट भिजवायचे. दुधाने रंग आणि नरमपणा येतो. ज्या करंज्या लांब पाठवायच्या आहेत त्यांचे पीठ पाण्यानेच भिजवावे, त्या जास्त टिकतात.

ओल्या फडक्याखाली दीड-दोन तास ठेवावे म्हणजे रवा फुलतो. पूर्वी हा गोळा पाट्यावर वरवंट्याने कुटत. आता फूड प्रोसेसरमध्ये दोन वेळा करून मिनिट-मिनिटभर फिरवला तरी तेच काम होते. त्याच्या ३५ लाट्या करायच्या, म्हणजे एकेक १४ ग्रॅमची पडते. पीठ आणि सारण दोन्ही बाजू ४८०-४९० ग्रॅमवर येतात, ताळेबंद जुळतो. शेवटी एकच काही उरले तर लाट्या लहान-मोठ्या झाल्या असे समजावे.

साट्याची करंजी, म्हणजे तूप आणि तांदळाचे पीठ फेटून तीन पोळ्यांच्या मध्ये लावून, गुंडाळी कापून केलेली पदरदार करंजी, हा वेगळा विषय आहे. ती सुंदर होते, वेळ तिप्पट लागतो. इथे ती सोडून देतो.

पुरीएवढी, चार इंचांची पारी लाटावी. मधे किंचित जाड, कडेला पातळ. सारण अर्ध्या भागावर, कडेपासून बोटभर आत. कडेला दुधाचे बोट फिरवून दुमडावी आणि आतली हवा बाहेर काढत दाबावी. करंजी फुटते ती दोन कारणांनी: आत राहिलेली हवा तापून फुगते, किंवा कडेत अडकलेला सारणाचा कण कड चिकटू देत नाही. सारण कमी भरल्याने करंजी सुरक्षित राहते हा समज उलटा आहे. कमी सारण म्हणजे जास्त हवा. आणि खाणाऱ्याला खुळखुळा मिळतो तो वेगळाच.

झालेल्या करंज्या ओलसर फडक्याखाली झाकून ठेवाव्यात, नाहीतर वरून पापुद्रा धरतो आणि तळताना तडे जातात. साचा वापरायला काहीच हरकत नाही. हात दुखणाऱ्या माणसाने तर वापरावाच.

तळणे

तेल किंवा तूप मध्यम तापलेले, थर्मामीटर असेल तर १५० ते १६० अंश सेल्सियस. नसेल तर पिठाचा वाटाण्याएवढा गोळा टाकावा. तो तळाशी जाऊन सावकाश वर आला पाहिजे. लगेच उसळून वर आला तर तेल फार तापले आहे. एका वेळी पाच-सहा सोडाव्यात, झाऱ्याने वरून तेल उडवत राहावे, चार-पाच मिनिटे लागतात. घाईने तळलेली करंजी बाहेरून लाल दिसते, पण पारीच्या आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. रंग फिका बदामी असतानाच काढावी, बाहेर आल्यावर तो आणखी चढतो. चाळणीत उभ्या लावून निथळू द्याव्यात. वर्तमानपत्रावर ठेवू नयेत, शाई लागते.

भाजणे

दिवाळीसाठी भट्टीत काही भाजून आणणे आपल्याकडे नवे नाही. बीदर, कलबुर्गी, हुमनाबाद या गावांत दिवाळी किंवा ईद आली की मैदा, रवा, साखर, डालडा किंवा तूप घेऊन बेकरीवर जायचे, तिथे किलोमागे मजुरी देऊन नानकटाई आणि बिस्किटे भाजून घ्यायची, आणि पत्र्याचे डबे भरून आणायचे, ही पद्धत दख्खनच्या गावांत सगळ्या धर्मांच्या घरांत होती. काही ठिकाणी अजून आहे. रांगेत डबा ओळखू यावा म्हणून त्यावर खडूने नाव लिहीत. करंजी मात्र त्या भट्टीत जात नसे, ती कढईतच व्हायची. घरात ओव्हन आल्यावर तीही भाजता येऊ लागली.

भाजलेल्या करंजीसाठी प्रमाणात एकच मोठा बदल आहे. मोहन ६० ऐवजी ९० ग्रॅम घ्यावे. तळताना पारीला बाहेरून स्निग्धता मिळते, ओव्हनमध्ये मिळत नाही. ६० ग्रॅमवर भाजली तर करंजी कडक, पुठ्ठ्यासारखी होते. तूप वाढले की दूध कमी लागते, ११० मिलिलिटरपर्यंत. ३० ग्रॅम जादा तूप ३५ करंज्यांत विभागले तर एकीमागे एक ग्रॅमसुद्धा येत नाही. भाजलेली करंजी तळलेलीपेक्षा हलकी असते ती एवढ्यापुरती. तिला औषधी ठरवण्याची गरज नाही.

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवावा. करंज्या ट्रेमध्ये एकमेकींना न लागता ठेवाव्यात, वरून पातळ तूप किंवा दुधाचा हात फिरवावा, आणि सुईने प्रत्येकीला दोन-तीन टोचे द्यावेत म्हणजे वाफेला वाट मिळते. तळायच्या करंजीला टोचे चुकूनही देऊ नयेत, तेल आत शिरते. पंधरा मिनिटांनी उलटाव्यात, आणखी सात ते दहा मिनिटे ठेवाव्यात. कड बदामी झाली की बाहेर काढून जाळीवर ठेवाव्यात. गरम असताना त्या मऊच लागतात, थंड झाल्यावर खुसखुशीत होतात. मऊ लागली म्हणून पुन्हा आत सारू नये.

मायक्रोवेव्ह असेल तर त्याचा कन्व्हेक्शन भाग वापरावा. नुसत्या मायक्रोवेव्हवर पारी भाजत नाही, चिवट होते. एअर फ्रायरमध्ये १६५ अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे पुरतात, पण एका वेळी सात-आठच बसतात. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांनी जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे, मग करंज्यांची ताटली ठेवून मंद आचेवर अर्धा तास ठेवावी. होतात, वेळ मात्र फार जातो.

चव वेगळी लागते हे आधीच सांगितलेले बरे. तळलेल्या करंजीचे पापुद्रे सुटतात. भाजलेली नानकटाईच्या जवळ जाते, दाताखाली भुगा होतो. ज्यांना पहिलीची सवय आहे ते पहिल्या घासाला नाक मुरडतात. आमचे मत असे की लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याला थोड्या तळाव्यात आणि बाकीच्या भाजाव्यात. भाजण्याचा मोठा फायदा असा की कढईसमोर तास-दीड तास उभे राहावे लागत नाही. साठीनंतर गुडघ्यांना तेवढाच आराम.

एकट्या माणसाने काम तीन दिवसांत वाटावे. सारण आठवडाभर आधी करून घट्ट डब्यात ठेवता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ भिजवून दुपारी निम्म्या करंज्या. उरलेले पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, तिसऱ्या दिवशी बाहेर काढून तासाभराने उरलेल्या. दोघे असतील तर एकाने लाटावे, दुसऱ्याने भरावे. ३५ करंज्या दीड तासात भरून होतात. पुरुषांना लाटता येत नाही हे कारण चालणार नाही, साचा आहे. पूर्वी वाड्यातल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा फिरून एकमेकींच्या करंज्या करून देत. एकाच कॉलनीतल्या दोन-तीन घरांनी एका ओव्हनवर तसे करून पाहावे. ट्रे आत असताना पंचवीस मिनिटे बोलायला मिळतात.

नाताळातली करंजी

गोव्यात ख्रिस्ती घरांत नाताळच्या ताटात नेवऱ्या असतात, आणि महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही नाताळच्या फराळात करंजी, चकली, शंकरपाळे असतात. बीदर भागात मेथडिस्ट ख्रिस्ती कुटुंबे बरीच आहेत. दिवाळीचे ताट तिकडे आणि नाताळचे ताट इकडे, ही देवघेव शेजारात चालू असते.

ज्यांची मुले इंग्लंडमध्ये आहेत त्यांना डिसेंबरात मिन्स पाय खाल्ल्याचे फोटो येतात. तीही करंजीचीच लांबची बहीण. मैदा आणि लोण्याची पारी, आत गोड सारण, भाजलेली. नावातला मिन्स म्हणजे खिमा. काही शतकांपूर्वी तिच्यात खरोखर मटण किंवा गोमांस, चरबी, सुकामेवा आणि मसाले एकत्र असत. पुढे मांस गेले, मनुका-बेदाणे, सफरचंद, संत्र्याची साल, साखर आणि ब्रँडी राहिली. चरबी मात्र काही ठिकाणी अजून गोमांसाची घालतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विकतच्या डब्यावर वाचून घ्यावे.

तसले सारण आपल्याकडच्या जिनसांतून सहज होते. शेजारच्या विजयपुराची द्राक्षे आणि बेदाणे प्रसिद्ध आहेत. बेदाणे २०० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १०० ग्रॅम, काजू-बदाम मिळून ७५ ग्रॅम, सगळे बारीक चिरून घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपावर दोन-तीन मिनिटे परतावे, त्यात अर्धा चमचा दालचिनी पूड, दोन लवंगांची पूड, थोडे जायफळ, एका संत्र्याच्या सालीचा वरवरचा नारिंगी कीस आणि चमचाभर लिंबाचा रस घालून, रस आटेपर्यंत परतून उतरवावे. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये. साखर मुळीच लागत नाही. पूर्ण थंड झाल्यावर भाजायच्या पारीत भरावे. हे सारण ओलसर असल्यामुळे करंज्या आठ दिवसांत संपवाव्यात, आणि तळू नयेत. एखादी फुटली तर बेदाणा तेलात जळून सगळे तेल कडू होते. हे प्रमाण २५ ते २८ करंज्यांना पुरते.

साठवण आणि पाठवणी

करंज्या तीन-चार तास उघड्यावर थंड झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. कोमट भरल्या तर झाकणाला घाम येतो, आणि तोच घाम परत पारीवर. स्टीलचा घट्ट डबा, तळाला कोरडा कागद. आपल्या पठारावर दिवाळीनंतरची हवा कोरडी असते, त्यामुळे तळलेल्या खोबऱ्याच्या करंज्या तीन आठवडे, भाजलेल्या दोन आठवडे चांगल्या राहतात. त्याच करंज्या मुंबईला किंवा कोकणात गेल्या की तिथल्या दमट हवेत लवकर नरम पडतात. अशा वेळी १५० अंशांवर पाच मिनिटे गरम करून थंड केल्या की पुन्हा खुसखुशीत होतात. कुरिअरने पाठवताना डब्यातली मोकळी जागा कागदाने गच्च भरावी. करंजी मोडते ती आदळण्यापेक्षा डब्यात हिंदकळून.

परदेशी पाठवताना एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर या देशांत खसखस नेण्यास बंदी आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्यात धरली जाते. डब्यात करंजी आहे, नुसती खसखस नाही, हा खुलासा विमानतळावर ऐकून घेतीलच असे नाही. दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्या मुलासाठी, नातवासाठी करायच्या करंज्यांत खसखस अजिबात घालू नये, तीळ २५ ऐवजी ५० ग्रॅम घ्यावेत. नुसती खसखस काढून टाकलेले उरलेसुरले सारणही वापरू नये. दाणे चिकटून राहतात. त्या करंज्या वेगळ्या दिवशी, धुतलेल्या कढईत आणि मिक्सरच्या धुतलेल्या भांड्यात कराव्यात, आणि डब्यावर तसे लिहून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी घरातला दुसरा डबा बॅगेत जाणार नाही.

शेवटी पीठ उरले तर त्यात दोन चमचे पिठीसाखर मळून शंकरपाळे कापावेत. सारण उरले तर गरम पोळीवर तुपासोबत खावे, किंवा पुढच्या अमावास्येपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावे.